रेष राखून कापावे: मॉडेल विमानाच्या फायबरग्लास पंखाची छाटणी आणि जोडणी

साच्यातून नुकतेच निघालेले पंखाचे कवच हातात घेतले, की त्याच्या कडांना रेझिन (कापडात जिरवून घट्ट होऊ देतात तो चिकट द्रव) पिऊन कडक झालेली कापडाची झालर दिसते. ही झालर कुठपर्यंत छाटायची, वरचे आणि खालचे कवच एकमेकांवर कसे बसवायचे, आत स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा कणा) केव्हा घालायचा आणि तयार पंख पीळ न पडता धडाला कसा जोडायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे. साचा कसा करावा हा निराळा विषय असून तो येथे घेतलेला नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात ज्यांनी थर्माकोलचे किंवा बालसा लाकडाचे एखादे विमान उडवले आहे आणि आता पहिल्यांदाच फायबरग्लासला हात घालायचा आहे, त्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

मापे सांगण्याच्या सोयीसाठी एकच पंख डोळ्यांसमोर ठेवू. टोकापासून टोकापर्यंतची लांबी १.८ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूचा पंख ९० सेंटिमीटर. रुंदी सगळीकडे सारखी, २२ सेंटिमीटर. आणि छेद, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा आकार, क्लार्क वाय. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ साली आखलेल्या या छेदाची जाडी रुंदीच्या ११.७ टक्के असते, म्हणजे आपल्या पंखात जवळपास २६ मिलिमीटर. त्याची खालची बाजू पुढचा सुमारे तिसरा हिस्सा सोडल्यास सपाट असते आणि नवख्या माणसाला हा फार मोठा आधार आहे, कारण असा पंख सरळ टेबलावर ठेवून मोजता येतो. कवचाला बाहेरून चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे आणि आतून २०० ग्रॅमचे काचेचे कापड धरले आहे. जितकी काच तितकेच रेझिन, असे वजनाचे प्रमाण हाताने काम करताना साधते. त्या हिशेबाने दोन्ही पंखांची मिळून कवचे साधारण ४५० ग्रॅम भरतात आणि त्यांची जाडी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा होते. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळणारी, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट (न विणलेल्या काचतंतूंची चटई) स्वस्त पडते, पण ती रेझिन फार पिते आणि तिचा पंख उडण्यापेक्षा बसण्याच्या लायकीचा होतो.

सामान आणि अंगाची काळजी

फार हत्यारे लागत नाहीत. इंचाला ३२ दात असलेले हेक्सा ब्लेड, पाती मोडून टाकता येणारा कटर, एक जुनी पण धारदार कात्री, सपाट आणि गोल कानस, ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, गुण्या, स्टीलची पट्टी आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा एवढे पुरते. हिऱ्याची चकती लावलेले छोटे रोटरी मशीन असेल तर काम लवकर होते, पण चूकही तितक्याच लवकर होते. सगळ्यांत महत्त्वाची वस्तू मात्र सपाट पृष्ठभाग ही आहे. घरातले लाकडी टेबल सपाट आहे असे कोणीही गृहीत धरू नये. ओटा बसवणाऱ्यांकडे उरलेला मीटरभर लांबीचा ग्रॅनाइटचा तुकडा मिळाला तर तो आणावा आणि त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहावे.

रेझिन इपॉक्सीच असावे. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवते, घट्ट होताना आक्रसते आणि पातळ कवचाला बाक आणते. इपॉक्सी आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर हे अंदाजाने नव्हे, तर काट्यावर वजन करून मिसळावे. एलवाय ५५६ या रेझिनबरोबर एचवाय ९५१ हा हार्डनर वापरत असाल तर १०० ग्रॅमला १० ग्रॅम हे प्रमाण आहे. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, जोड तेवढा कच्चा राहतो.

काचेची धूळ अंगाला खाजवते एवढेच बहुतेकांना माहीत असते, परंतु ती डोळ्यांना आणि श्वासालाही तितकीच त्रासदायक आहे. म्हणून कापणे आणि घासणे अंगणात किंवा गच्चीवर करावे, एन-९५ मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, आणि शक्य तिथे कागद पाण्यात भिजवून घासावे म्हणजे धूळ उडतच नाही. खाली पडलेला चुरा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा. काम झाल्यावर हात आधी थंड पाण्याने न चोळता धुवावेत, अडकलेले तंतू चिकटपट्टी लावून ओढून काढावेत, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. ओले इपॉक्सी हाताळताना नायट्राइलचे हातमोजे हवेतच, कारण हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की पुढे हे काम हातात घेणेच अवघड होऊन बसते.

छाटणी

बेळगावात फाउंड्रीचा धंदा जुना आहे आणि त्यामुळे उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या आसपास पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, बनवणारे कसबी कारागीर आजही सापडतात. माझी पहिली कवचे मी अशाच एका पॅटर्नमेकर मामांच्या शेडमध्ये, त्यांच्या बाकाच्या एका कोपऱ्यावर कापली. आखलेल्या रेषेवरच ब्लेड ठेवून मी मोठ्या उत्साहाने निम्मी कड कापली, तेव्हा मामा चहाचा कप हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “काय करालास रे? रेष खाऊन टाकलास की सगळी! आता घासणार कुठं?” रेष ही राखण्यासाठी असते, कापण्यासाठी नसते, ब्लेड तिच्या बाहेर दीड-दोन मिलिमीटरवरून चालवायचे आणि उरलेला भाग कागदाने घासत रेषेपर्यंत यायचे. लाकूड जास्त कापले गेले तर तुकडा चिकटवता येतो, पण कवचाची कड खाल्ली गेली तर ती भरून काढताना रेझिनचा आणि पुट्टीचा जो लेप द्यावा लागतो, त्याचे वजन पंखाच्या नेमक्या नको त्या जागी जाऊन बसते.

सगळ्यांत सोपी छाटणी रेझिन पूर्ण घट्ट होण्याआधीची असते. कापड घातल्यानंतर काही तासांनी, उबदार दिवसात साधारण आठ-दहा तासांनी, रेझिन चामड्यासारखे होते. नख दाबले तर किंचित रुतते, पण बोटाला चिकटत नाही. या वेळी कवच साच्यातच असताना बाहेरची झालर धारदार कटरने साच्याच्या कडेलगत उतरवता येते आणि धूळ अजिबात होत नाही. ही वेळ टळली तर घाई न करता पूर्ण दिवस जाऊ द्यावा, मग कवच साच्यातून काढून पुढचे काम करावे.

घट्ट झालेल्या कवचावर आखणी करताना आधी कडेने मास्किंग टेप लावावी आणि रेष तिच्यावर ओढावी; त्यामुळे रेष ठळक दिसते आणि कापताना वरचा थर टवके उडून निघत नाही. कवच प्रकाशापुढे धरले तर ते अर्धपारदर्शक दिसते आणि साच्यावरची खूण, कापडाची वीण, आत राहिलेला हवेचा बुडबुडा, सगळे कळते. डाव्या आणि उजव्या पंखाची, तसेच वरच्या आणि खालच्या बाजूची नावे टेपवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावीत. हे हास्यास्पद वाटेल, पण दोन्ही पंख डावेच करून बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतला एकजण रोज आरशात मला भेटतो.

लांब सरळ कडेसाठी ब्लेड कवचाला जवळजवळ आडवे धरून हलक्या हाताने चालवावे आणि कवच कापण्याच्या जागेजवळच ठोकळ्याने दाबून ठेवावे, नाहीतर ते थरथरते आणि कडेचे थर सुटे होतात. रोटरी मशीन वापरताना जळका वास आला तर चकती थांबवावी; रेझिन तापून मऊ होत असल्याची ती खूण असते. सर्वोसाठी (एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरसाठी; एलेरॉन म्हणजे विमान कलते करणारी, पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खालच्या कवचात चौकोनी खिडकी कापायची असेल तर चारही कोपऱ्यांत आधी ३ मिलिमीटरची भोके पाडावीत आणि मग ती एकमेकांना जोडावीत. टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो, गोल कोपऱ्यातून तो सहसा होत नाही. ही खिडकी आत्ताच, दोन्ही कवचे सुटी असताना पाडावी आणि तिच्या आतल्या कडेला दोन बोटे रुंद कापडाची चौकट चिकटवून बळकटी द्यावी.

रेषेपर्यंत येण्यासाठी १२० नंबरचा कागद ग्रॅनाइटवर दुहेरी चिकटपट्टीने पसरून चिकटवावा आणि कवच पालथे, म्हणजे उघडी बाजू खाली करून, त्यावर लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावे. आपल्या पंखाची पुढची आणि मागची कड एकाच सपाट पातळीत येत असल्यामुळे दोन्ही कडा एकाच वेळी घासल्या जातात. दर दहा-बारा फेऱ्यांनी थांबून, कवच कोऱ्या दगडावर ठेवून आत टॉर्च लावावा. जिथून उजेड गळतो तिथे कड खोल गेली आहे, म्हणून इतर जागा तिच्या पातळीला आणाव्यात. वरचे कवच खालच्यावर कोरडे ठेवल्यावर बोटाचे टोक पुढच्या कडेवरून फिरवावे. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला लगेच लागते.

आतले काम

कवचे मिटण्याआधी आत जे काही बसवायचे ते सर्व बसवून घ्यावे लागते, कारण नंतर हात आत जात नाही (धडाला जोडणाऱ्या नळीचे म्यान तेवढे नंतर मुळाकडून बसते). स्पार पुढच्या कडेपासून ६६ मिलिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या ३० टक्क्यांवर येतो. वर आणि खाली पाइन लाकडाची ६ बाय ३ मिलिमीटरची पट्टी आणि मध्ये ३ मिलिमीटर बालसाची भिंत, जिचे तंतू उभे असावेत. एलेरॉन कापून वेगळे करायचे असेल तिथे मागच्या कडेपासून सुमारे ५० मिलिमीटरवर बालसाच्या दोन पातळ भिंती, एकमेकींत ४ मिलिमीटरचे अंतर ठेवून, आत्ताच उभ्या कराव्यात. पुढे करवत या दोन भिंतींच्या मधून जाते आणि कापल्यावर दोन्ही बाजू आपोआप बंद राहतात. सर्वोच्या वायरसाठी एक मजबूत दोरा मुळापासून खिडकीपर्यंत आत घालून ठेवावा.

चिकटवण्याच्या प्रत्येक जागेवर कवच आतून ८० नंबरच्या कागदाने खरखरीत करावे. गुळगुळीत चकाकणाऱ्या पृष्ठभागावर इपॉक्सी नुसते बसते, धरत नाही.

स्पारची उंची बरोबर आहे का हे मिटलेल्या पंखात दिसत नाही, म्हणून एक जुनी युक्ती करावी. गणपतीच्या वेळची शाडू माती घरात उरलेली असेल तर तिच्या वाटाण्याएवढ्या ओल्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून स्पारवर दर १० सेंटिमीटरला ठेवाव्यात, वरचे कवच बसवून कडा टेपने बंद कराव्यात आणि पाच मिनिटांनी उघडावे. चपट्या झालेल्या गोळीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असली की स्पार बरोबर आहे. गोळी दोन मिलिमीटर जाड राहिली असेल तर तिथे बालसाची पट्टी वाढवावी, आणि गोळी पिशवीसह कागदासारखी झाली असेल तर स्पार तिथे उंच असून तो कवचाला वर उचलतो आहे, म्हणून घासावा. या तपासणीत अर्धा तास जातो. मी ती दरवेळी करतो.

दोन कवचे मिटवणे

खालच्या कवचाच्या पुढच्या कडेला आतून काचेच्या कापडाची १२ मिलिमीटर रुंद पट्टी अशी चिकटवून ठेवावी, की तिचा निम्मा भाग कडेबाहेर येईल. वरचे कवच तिच्यावर टेकते आणि जोडाला आतून आधार मिळतो. इपॉक्सीत बारीक कापलेले काचतंतू घालून ते तुपासारखे घट्ट करावे, म्हणजे ते स्पारवरून ओघळत नाही. कडांवर, स्पारवर आणि भिंतींवर त्याचा सलग थर द्यावा, वरचे कवच ठेवावे आणि पंख ग्रॅनाइटवर सपाट दाबून धरावा. मागच्या कडेला वरून आणि खालून ॲल्युमिनियमच्या सरळ पट्ट्या लावून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळावे. पंखात पीळ पडतो तो याच घटकेला पडतो आणि एकदा इपॉक्सी घट्ट झाले की तो निघत नाही, म्हणून चिमटे लावल्यावर मुळाकडून टोकाकडे एका डोळ्याने पाहावे. दोन्ही टोकांची मागची कड एका रेषेत दिसली पाहिजे.

पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी येथे वापरू नये. ते ठिसूळही असते आणि चूक सुधारायला वेळही देत नाही.

हवेचा विचार आपल्या भागात करावाच लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात, आणि त्याहून जास्त खानापूरच्या बाजूला, हवा इतकी ओली असते की हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिसळून पृष्ठभागावर मेणासारखा तेलकट थर आणतो. हा थर नुसता घासला तर तो कागदात भरतो आणि पुढचा जोड धरत नाही. आधी कोमट पाण्याने आणि साबणाने धुवून, वाळवून, मगच घासावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री उलट अडचण येते, चोवीस तासांत होणारे काम दोन दिवस घेते. अशा वेळी चिमटे लवकर काढण्याचा मोह आवरावा. उरलेल्या इपॉक्सीचा कप बाजूला ठेवावा आणि तो टणक झाल्याशिवाय पंखाला हात लावू नये.

धडाला बसवणे

पंख धडातून आरपार जाणाऱ्या १२ मिलिमीटरच्या कार्बन नळीवर बसतो, असे धरू. नळी सरळ असल्यामुळे पंखांची टोके वर उचललेली नसतील. एलेरॉन असलेल्या, उंचावर पंख असलेल्या विमानाला ते चालते. पंखात या नळीसाठी म्यान लागते. नळीवर पॅकिंग टेपचा एक वेढा द्यावा, त्यावर मेणाचे पॉलिश लावावे आणि ८० ग्रॅमच्या कापडाचे तीन वेढे रेझिनसह गुंडाळावेत. घट्ट झाल्यावर पिळून ओढले की ३० सेंटिमीटर लांबीचे म्यान सुटे होते. ते स्पारच्या मागे चिकटून राहावे यासाठी पंखाच्या मुळाशी ३ मिलिमीटर प्लायची बरगडी हवी आणि तिला भोक.

पहिल्या पंखाच्या वेळी मी हे म्यान रात्री उशिरा, नुसत्या अंदाजाने आणि पाच मिनिटांच्या इपॉक्सीने चिकटवले. उजव्या पंखाची मागची कड डाव्यापेक्षा चार मिलिमीटर वर राहिली. चार मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण २२ सेंटिमीटर रुंदीच्या पंखात ते जवळजवळ एक अंश होतात. उजव्या पंखाला उचल कमी मिळाली, विमान हातातून सुटताच उजवीकडे कलंडले आणि भात कापलेल्या शेताच्या बांधावर जाऊन आदळले. म्यान करवतीने कापून काढावे लागले, आणि त्याबरोबर मुळाकडची वीतभर कड गेली.

म्हणून आता क्रम असा ठेवतो. जाड पुठ्ठ्यावर पंखाच्या मुळाचा छेद आणि नळीचे भोक कापून एकच फर्मा करावा आणि तोच उलटवून धडाच्या दोन्ही बाजूंना वापरावा. दोन वेगळे फर्मे करू नयेत. धडात आधी ४ मिलिमीटरचे भोक पाडून गोल कानशीने ते वाढवत न्यावे. नळी आरपार घालून शेपटीच्या मध्यबिंदूपासून तिच्या दोन्ही टोकांपर्यंत न ताणला जाणारा दोरा लावून पाहावा. दोन्हीकडे अंतर सारखे नसेल तर ज्या बाजूचे अंतर कमी भरते तिथे भोकाची पुढची कड किंचित घासावी. मग पंख कोरडेच चढवावेत, म्यान आत सुटेच असू द्यावे, धड दगडावर न हलेल असे बसवावे आणि दोन्ही पंखांच्या सपाट खालच्या बाजूला सारख्या उंचीचे ठोकळे लावावेत. पुढच्या आणि मागच्या कडेची दगडापासूनची उंची मुळाशी आणि दगड जिथे संपतो तिथे, दोन्ही बाजूंना मोजावी. डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की मगच सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी सोडावे, आणि पंख धडाला चिकटू नये म्हणून मध्ये बटर पेपर ठेवावा. मागच्या कडेजवळ पंख फिरू न देणारी ६ मिलिमीटरची लाकडी खुंटी सगळ्यांत शेवटी चिकटवावी, कारण पंखाचा कोन शेवटी तीच पक्का करते.

एलेरॉन, वजन आणि रंग

एलेरॉन सगळ्यांत शेवटी कापावे. पंखाच्या आतून टॉर्च लावला की बालसाच्या दोन भिंतींची सावली कवचावर दिसते. रेष त्यांच्या बरोबर मधून ओढावी. खालचे कवच कापावे, दोन्ही टोके कापावीत आणि वरचे कवच शेवटी. बिजागरी वरच्या बाजूला पारदर्शक टेपची करणार असाल तर एलेरॉनच्या पुढच्या तोंडाला खालून उतार द्यावा, नाहीतर ते खाली वळताना पंखाला अडते.

दोन्ही पंख काट्यावर ठेवून पाहावेत. पाच-सात ग्रॅमचा फरक नेहमीच असतो; तो हलक्या पंखाच्या टोकात शिशाचा तुकडा घालून मिटवावा. विमान पुढच्या कडेपासून ५५ ते ६६ मिलिमीटरच्या पट्ट्यात दोन बोटांवर तोलले गेले पाहिजे. उडवण्याची जागा निवडताना सांबऱ्याचा विमानतळ आणि शहरातला लष्करी भाग यांपासून लांब जावे आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या हवाई हद्दीच्या नकाशावर ती जागा आधी पाहून घ्यावी.

रंग शक्यतो पांढरा आणि तोही पातळ द्यावा. घरच्या तापमानात घट्ट केलेले इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि एप्रिलच्या उन्हात काळा किंवा गडद निळा पंख तेवढा सहज तापतो. काच बंद केलेल्या मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवलेल्या पंखाचीही तीच गत होते, म्हणून मैदानावर पोहोचल्यावर पंख आधी सावलीत काढून ठेवावेत आणि चढवण्यापूर्वी मागची कड पुन्हा एकदा एका डोळ्याने पाहावी.